बाइंडिंग या हेडखाली एक माणूस

लायब्ररीत पुस्तकं साठतात, त्याला नियम असतो. आलेल्या प्रत्येक पुस्तकावर नंबर पडतो, शिक्का बसतो, आणि पंधरा वर्षं कुणी हात लावला नाही तर ते काढूनही टाकता येतं. किश्श्यांचं तसं नाही. ते न मागवता येतात, त्यांना नंबर नसतो, आणि जुने काढून टाकायला कमिटी नेमली तर कमिटीचाच एक नवा किस्सा होऊन बसतो!

नव्वदीच्या सुरुवातीला मी ओमानमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत लागलो. पुस्तकं आणि जर्नल्स विकत घेण्याचं बजेट सांभाळायचं, हे माझं काम. तिथं किती पुस्तकं घेतली ते रजिस्टरात आहे. किस्से माझ्याकडे आहेत. काही जसे घडले तसेच आहेत, काहींना मी मागून थोडी शिलाई मारली आहे. बायको म्हणते, "तुझ्या गोष्टी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढतात." मी म्हणतो, "जर्नल्सच्या किमतीही तेवढ्याच वाढतात. त्यांना कुणी थापाडं म्हणतं का?"

आमचं सेक्शन चौघांचं. साहेब नासिर. ओमानी, मूळचे निझव्याचे, इंग्लंडात शिकून आलेले, बोलणं कमी, पेन हिरव्या शाईचं. जर्नल्सच्या टेबलावर लीलाम्मा, केरळच्या. मग मी. आणि तळघरात अब्बासभाई, रत्नागिरीकडचे, आमचे बाइंडर.

जर्नल म्हणजे महिन्याला येणारा पातळ अंक. वर्षाचे बारा जमले की ते शिवून, पुठ्ठा चढवून, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवून एक जाड गठ्ठा करायचा. हे सगळं अब्बासभाई एकटे करत. आमचे पगार युनिव्हर्सिटीच्या पगारखात्यातून निघत, त्यांचा मात्र माझ्या बजेटातून. 'बाइंडिंग' नावाचं एक हेड होतं, म्हणजे खर्चाचं खातं. त्याखाली लिहिलेलं असे: कापड, दोरा, सरस, पुठ्ठा, आणि एक माणूस.

वर्ष डिसेंबरात संपायचं. पुढच्या वर्षी शिवायला गठ्ठे किती, ते बघून त्या एका माणसाचं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षानं वाढायचं. गठ्ठे नाहीत, तर अब्बासभाई नाहीत. म्हणून डिसेंबर आला की ते सरसाचे हात पुसत वर यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

"साहेब, औंदा किती गठ्ठे?"

एकदा मी विचारलं, "अब्बासभाई, समजा जावंच लागलं, तर गावाला काय कराल?"

"काय करनार? आंब्याच्या पेट्या ठोकनार. पन आंबा दोन महिने. बाकीचे दहा महिने माझ्याकडनं कोन काय ठोकून घेनार?"

* * *

पहिल्या डिसेंबरात मी शहाणपणा केला. पुण्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत बारा वर्षं काढलेली. पुस्तकवाल्याकडून जास्तीत जास्त कमिशन सोडवून घेणं आणि वर्षअखेर प्रिन्सिपॉलसमोर उरलेली शिल्लक ठेवणं, यालाच मी कर्तबगारी समजत आलेलो. इथंही तेच केलं. लंडनच्या एजंटाशी फॅक्सवर अशी घासाघीस केली की त्यानं शेवटी नुसतं 'ओके' लिहिलं, खाली सहीसुद्धा केली नाही. मी छान टाइप करून साहेबांना पत्र दिलं: कळवण्यास आनंद होतो की इतकी इतकी रक्कम वाचली आहे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"माय फ्रेंड," ते म्हणाले, "तू आम्हाला मारलंस."

उरलेले पैसे परत जातात, आणि पुढच्या वर्षी तेवढे कमीच मिळतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! हातात बारा दिवस. त्यात दोन गुरुवार-शुक्रवार सुट्टीचे. मी एजंटाला फॅक्स केला, ताबडतोब पाठवता येईल असं काहीही पाठवा. त्यानंही सूड घेतला असावा. मत्स्यशास्त्राच्या अहवालांचा एक लांबलचक सेट होता, तो मी डोळे मिटून मागवला. खोकी आली. सगळं नॉर्वेजियन भाषेत!

तळघरात पहिलं खोकं फोडलं. अब्बासभाईंनी पानं उलटली, माशांची चित्रं निरखून पाहिली.

"साहेब, काय लिवलंय ता मना म्हायत नाय. पन हा बांगडा नाय. ही तारली नाय. ही आपली मासलीच नाय!"

मग त्यांनी एक भाग उचलून पाठ बघितली. पाठ नव्हतीच. सगळा सेट सुट्ट्या भागांत आला होता, न शिवलेला. त्यांनी खोकी मोजली. पुन्हा मोजली. चेहरा उजळत गेला.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तुमची अशी एक चूक म्हंजे माझा एक वरसाचा व्हिसा."

ते गठ्ठे अजून त्या शेल्फवर असतील. कुणी उघडले नसतील, पण एक टाका सुटला नसेल.

* * *

याचं घरी असं झालं की माझी मुलगी, तेव्हा चौथीत, इंडियन स्कूलमध्ये 'माझे वडील' या विषयावर बोलायला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी टीचरनी बायकोला बोलावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी आल्यावर आम्ही पोरीला समोर बसवलं. तिचं मराठी म्हणजे दार्सैतच्या चढावरची टॅक्सी, मध्येच गिअर बदलायचा.

"बाबा, मी फक्त बोलली की डिसेंबरमध्ये पैसा उरला की माझे बाबा सॅड होतात. टीचर बोलली, उरला तर? मी बोलली, हो, कारण माझे बाबाचा ऑफिस उलटा आहे."

बायको हसून हसून लाल झाली. इतकी वर्षं झाली, याहून नेमकं मला अजून सांगता आलेलं नाही.

* * *

मग एका वर्षी तेलाचे भाव कोसळले. ओमानमध्ये तेलाला शिंक आली की लायब्ररीला न्यूमोनिया. जर्नल्सना कात्री लावायचं ठरलं, आणि कुठली कापायची ते ठरवायला सगळ्या विभागांच्या प्राध्यापकांची मीटिंग.

केमिस्ट्रीचे प्रमुख म्हणाले, त्याग करायला आम्ही तयार आहोत. इतिहासाची जर्नल्स बंद करा. इतिहासवाले म्हणाले, त्यागाला आमचीही ना नाही. इंजिनिअरिंगच्या एका जर्नलच्या किमतीत आमचा विभाग चार वर्षं चालतो. इंजिनिअरिंगवाल्यांनी शेतीकडे बोट दाखवलं, शेतीवाल्यांनी इंग्रजीकडे. इंग्रजीचे प्राध्यापक तेवढे गहिवरले, मग त्यांनी केमिस्ट्रीचं नाव घेतलं.

तीन तासांनी मी याद्या जुळवल्या. लायब्ररीतलं प्रत्येक जर्नल बंद करावं असं कुणीतरी लिहून दिलं होतं. त्याचबरोबर प्रत्येक जर्नल अत्यावश्यक आहे, असंही कुणीतरी लिहून दिलं होतं!

साहेबांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"अलहम्दुलिल्ला," ते म्हणाले. "सगळ्यांचं एकमत झालंय."

जिन्यात अब्बासभाई उभे होते. तीन तास उभे असावेत.

"साहेब, औंदा किती गठ्ठे?"

* * *

एकमताचा उपयोग नव्हता, तेव्हा पुरावा गोळा करायचं ठरलं. लायब्ररीत जुनी युक्ती आहे. पाटी लावायची, 'वाचून झालेला अंक जागेवर ठेवू नये, टेबलावरच सोडावा.' मग सुटलेले अंक रोज बघून, नावापुढे टिकमार्क करायची. ज्याच्यापुढे टिकमार्क नाही, त्याला वाचक नाही. ते जर्नल बंद.

लीलाम्मांनी वही आखली. महिना झाला. वही घेऊन त्या माझ्याकडे आल्या, चेहरा पडलेला.

"सर, इदर कोई पडताइच नहीं. सब सीरो, सीरो, सीरो."

पाहिलं तर खरंच. शे-दीडशे नावं आणि टिकमार्क हाताच्या बोटांवर! म्हणजे सगळीच बंद करायची? दुसऱ्या दिवशी मी सात वाजता जाऊन बसलो, आणि बघतो तर काय. अब्बासभाई शिवायचे अंक न्यायला वर आले. टेबलावर पसारा दिसला. जीभ चुकचुकवली, एकेक अंक उचलला, फडक्यानं पुसला, आणि आपापल्या जागी ठेवून दिला. महिनाभर रोज हेच चाललं होतं. लीलाम्मा आठला येत, तोवर सगळं लख्ख!

मी त्यांना टिकमार्कचा अर्थ सांगितला. ते तिथंच खुर्चीवर बसले.

"म्हंजे मीच माझ्या पोटावर पाय दिला? साफसफाई करून?"

"झालं ते झालं. आता यापुढं कशाला हात लावू नका."

पुढच्या महिन्यात टिकमार्कला वहीत जागा पुरेना! वाचकांची झुंबड. गणित वाचलं जात होतं, दातांचे रोग वाचले जात होते, जपानी भाषेतलं मातीवरचं जर्नल तर रोज, न चुकता. साहेबांनी वही बघितली आणि मला विचारलं, "आपल्याकडे जपानी माणूस कोण आहे?"

अब्बासभाईंना बोलावलं. पहाटे येऊन त्यांनी शेल्फं रिकामी करून टेबलं भरली होती.

"वाचतो मी," ते म्हणाले. "शिवायच्या आधी बगायला नको काय, पानं लागलीत का ती? मग ता वाचनच झालं ना!"

मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी वहीवर दोनदा पेन आपटलं. मग म्हणाले, लायब्ररीतली सगळी जर्नल्स पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत पाहणारा एकच माणूस आहे, त्याच्या टिकमार्क खोट्या कशा म्हणायच्या? त्यांनी वही बाजूला ठेवली आणि महागातली चार जर्नल्स कापली. त्यामुळे स्वस्तातली चाळीस कापावी लागली नाहीत. गठ्ठे किमतीवर थोडेच मोजतात!

* * *

दोनेक वर्षांनी इंग्लंडहून एक तज्ज्ञ आले. डॉ. व्हाइट. लायब्ररीत कुठलं काम चालू ठेवावं, कुठलं बंद करावं, यावर रिपोर्ट देणार होते. गळ्यात स्टॉपवॉच. तळघरात अर्धा तास ते अब्बासभाईंच्या हातांकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत राहिले. मी दुभाषा.

"दिवसाला किती पुस्तकं बांधून होतात, विचारा."

मी विचारलं.

"जेवढी बांधून होतात तेवढी," अब्बासभाई म्हणाले.

याचं भाषांतर मी जरा लांबवलं.

जाताना डॉक्टरांची डायरी टेबलावर राहिली. पाठ निघालेली, रबरबँड लावलेला. अब्बासभाईंना ते बघवेना. दुसऱ्या दिवशी ती नवी होऊन आली. काळं कापड, चार कोपरे पक्के, आणि वर सोनेरी अक्षरांत डॉक्टरांचं नाव. नाव त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं. कानावर पडलं होतं 'वाइट'. पडलं तसं अक्षरं जुळवून इंग्रजीत उठवलं: डब्ल्यू, ए, आय, टी.

मी कपाळाला हात लावला. "अहो, हे वेट झालं! वेट म्हणजे थांबा!"

"असं काय? मना वाटलं, नावच वाईट हाय. पन मानूस बरा वाटला हो."

सोनं पुसता येत नाही. डायरी तशीच गेली. डॉक्टरांनी ती उलटसुलट केली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि बॅगेत टाकली.

महिन्यानं रिपोर्ट आला. या सेक्शनला दोन माणसं कमी करा, ते काम बाहेर द्या, पानंच्या पानं. बाइंडिंगसमोर एकच शब्द होता.

'वेट.'

* * *

रुस्ताकचा किस्सा मात्र मी वाढवत नाही. तो आहे तेवढाच पुरे.

रुस्ताक या डोंगराकडच्या गावी, सूकमागे म्हणजे बाजारामागे, एका म्हाताऱ्याच्या घरी हातानं लिहिलेली एक जुनी वही होती. फलजची. फलज म्हणजे डोंगरातून गावात आणलेला पाण्याचा पाट. कुणाच्या खजुराच्या बागेला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या त्या वहीत लिहिलेलं. साहेबांना ती लायब्ररीसाठी हवी होती. पैसे मंजूर झाले होते. आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळा कहवा, खजूर, तास-दीड तास गप्पा, आणि शेवटी म्हातारा म्हणाला, "ला." नाही.

तिसऱ्या खेपेला साहेबांनी अब्बासभाईंना बरोबर घेतलं. का, ते सांगितलं नाही. तिसऱ्यांदा 'ला' झालं. पण आम्ही निघताना म्हाताऱ्यानं, निदान बघा तरी, म्हणून वही आणली. साहेबांनी ती अब्बासभाईंकडे दिली. अब्बासभाईंनी आधी हात झटकले, मग पँटला पुसले, मग दोन्ही तळवे खाली धरून ती घेतली. पूर्ण उघडली नाही. जेवढी स्वतःहून उघडली तेवढीच उघडू दिली. तिथूनच आत वाकून टाके बघितले.

"दोरा कुजलाय," ते मराठीत, स्वतःशीच म्हणाले. "कागद चांगला हाय. वाचंल."

म्हातारा वहीकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता. तो साहेबांना अरबीत काही म्हणाला. गाडीत बसल्यावर साहेबांनी सांगितलं: विकणार नाही. पण हा माणूस शिवून देत असेल तर वही महिनाभर ठेवा, फोटो काढून घ्या आणि परत आणा.

वही शिवून परत गेली. लायब्ररीला फोटो मिळाले, फुकटात. आणि मग माझी पंचाईत झाली, कारण मंजूर झालेल्या खरेदीची फाइल बंद करायलाही तीन कोटेशन्स लागतात! जगात एकच प्रत असलेल्या वहीची तीन कोटेशन्स. मी फॉर्म भरला. पहिलं कोटेशन: नाही. दुसरं: नाही. तिसरं: नाही.

ऑडिटचा शेरा आला, 'तिन्ही पार्ट्यांचे दर एकसारखे कसे? खुलासा करावा.'

खुलासा मी केला. पण त्यानंतर रुस्ताकहून, निझव्याहून घरोघरची जुनी पुस्तकं फडक्यात बांधून तळघरात यायला लागली, शिवायला. साहेबांनी तीही गठ्ठ्यांत धरली. अब्बासभाईंची दोन वर्षं निघाली.

* * *

दोन हजार साल उलटल्यावर दुबईहून एक आपलाच देशी सेल्समन आला. टाय, लॅपटॉप, भिंतीवर प्रकाश. ऑनलाइन जर्नल्स!

"सर, आता शेल्फ नको. धूळ नको. बाइंडिंग तर नकोच नको."

लीलाम्मांनी माझ्याकडे बघितलं. खुर्च्या लावायला आलेले अब्बासभाई मागं भिंतीला टेकून उभे होते.

"ह्याची पाठ कुठली?" त्यांनी विचारलं.

सेल्समन हसला. "अंकल, पाठ नाही. पण सगळं आहे. फक्त दरवर्षी पैसे भरायचे."

"आनि एक वरीस नाय भरले तर? आधीचं ऱ्हातं ना?"

सेल्समननं टायची गाठ सरळ केली. "नाही. मग ॲक्सेस जातो."

"सगळा?"

"सगळा."

"म्हंजे पंधरा वरसं पैसे भरले, आनि सोळाव्याला नाय भरले, तर आपलं तिथं काय बी ऱ्हात नाय."

सेल्समनला वाटलं, प्रश्न तांत्रिक आहे. पण तो, मी, लीलाम्मा, अब्बासभाई, आम्ही चौघंही व्हिसावरची, दरवर्षी रिन्यू होणारी माणसं. साहेब एकटे तिथले. त्यांनीच उठून दिवा लावला आणि म्हणाले, "यल्ला, चहा घेऊ."

* * *

आता शेवटचा.

छापील जर्नल्स एकेक करत बंद झाली. एका डिसेंबरात उरलेलीही गेली. तळघरात जुन्या अंकांची थप्पी होती, वर्षभराचं काम निघालं असतं, पण बजेटात बाइंडिंगच्या हेडसमोर भोपळा पडला. हेडला पैसे नाहीत, तर माणूस नाही. अब्बासभाईंची धाकटी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यांना एकच वर्ष हवं होतं. मी साहेबांकडे दोनदा गेलो. "वर लिहिलंय," ते म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली नाही.

त्या डिसेंबरात अब्बासभाईंनी मला गठ्ठे विचारले नाहीत.

वर्षाचा शेवटचा बुधवार. दोन वाजता फायनान्सचं खातं बंद होणार, आणि माझ्याकडे एक रक्कम शिल्लक. ऑनलाइन जर्नल्सच्या एका पब्लिशरसाठी ती राखलेली होती, पण त्याचा करार काही येत नव्हता. दोनच्या आत एखाद्या हेडला टाकली तर ती पुढच्या वर्षी तिथं वापरता येते, नाहीतर परत जाते. ती कुठं टाकायची हे साहेबांनी सांगायचं, आणि ते मस्कतला मीटिंगमध्ये. पावणेदोनला फोन आला.

इथं एक सांगायला हवं. अरबीत 'प' नाही. तिथल्या पुष्कळ लोकांच्या तोंडी 'प'चा 'ब' होतो. साहेबांचा 'पेपर' म्हणजे 'बेबर', 'पार्किंग' म्हणजे 'बार्किंग'. माझं आडनाव पाटणकर. त्यांच्याकडे मी बारा वर्षं 'मिस्टर बाटणकर' होतो. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की ते 'ब' म्हणाले की हात आपोआप 'प' लिहायचा.

"मिस्टर बाटणकर," साहेब म्हणाले, "ती शिल्लक. बेंडिंगला टाक."

"सर?"

"बेंडिंग, बेंडिंग!" आणि फोन बंद.

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. करार येईपर्यंत रक्कम अडकवून ठेवायचं एक हेड असतं, 'पेंडिंग'. लायब्ररीतल्या शिपायालाही कळलं असतं.

पण त्याच वेळी अब्बासभाई माझ्या टेबलासमोर उभे होते. सुपूर्द करायच्या सामानाची यादी घेऊन आले होते. वाचून दाखवत होते. "सुया अकरा. कात्र्या दोन. प्रेस एक. सरसाचं भांडं एक, बुडाला जळलेलं. ता पन लिवा साहेब, मागनं कोन म्हनायला नको."

मी पेन उचललं. 'बेंडिंग' नावाचं हेड बजेटात नाही. 'प'चं एक आहे, 'ब'चं एक आहे. साहेब 'ब' म्हणाले. एकदा नव्हे, तीनदा म्हणाले. आपल्या साहेबांचे उच्चार सुधारणारा मी कोण? फॉर्मच्या रिकाम्या चौकटीत मी ठळक अक्षरांत लिहिलं: बाइंडिंग. आणि शिक्का मारून दोनला दहा कमी असताना फायनान्सच्या खिडकीत दिलं.

"काय लिवलंत?" अब्बासभाईंनी विचारलं.

"ऐकलं ते."

गुरुवार, शुक्रवार मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, पैसे उरले का? म्हटलं, नाही, संपले.

शनिवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. टेबलावर तोच फॉर्म, फायनान्सकडून त्यांच्या सहीला आलेला. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं.

"हे तू लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत, सर. फोनवर."

"मी सांगितलं."

"हो, सर. तीनदा."

साहेब फॉर्मकडे बघत राहिले. खिडकीबाहेर माळी पाइप ओढत होता, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"तळघरात किती काम बाकी आहे?"

"एक वर्षाचं."

त्यांनी हिरव्या पेनचं टोपण काढलं. सही केली. फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी तो उचलला आणि आणखी काही विचारायच्या आत दाराकडे वळलो. तोवर त्यांचा फोन वाजला होता. पलीकडे पब्लिशरचा माणूस असणार.

"नो, नो, माय फ्रेंड," साहेब म्हणत होते, "या वर्षी नाही. तुमचं पेमेंट पेंडिंग आहे. पेंडिंग! पी फॉर पेशन्स."

एकूण एक 'प', ओठ मिटून, फुटाण्यासारखा सुटा.

दाराच्या मुठीवर माझा हात तसाच राहिला. साहेबांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर पाटणकर," ते म्हणाले, "प्लीज, दार ओढून घ्या."